‘कम्प्यूट्स गॅझेट’: आठ महिने टाइप करून झाल्यावर

गेल्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी या आमच्या गावी एका गराज सेलमध्ये मला ‘कम्प्यूट्स गॅझेट’चे ३४ अंक, एक कमोडोर ६४ संगणक आणि त्याला जोडायचा १५४१ डिस्क ड्राइव्ह असा सगळा ऐवज ४० डॉलरांना मिळाला. विकणाऱ्या आजोबांनी खोक्यावर ‘चालते की नाही, माहीत नाही’ अशी चिठ्ठी लावली होती. ती यंत्रापुरती होती; मासिके चालतात की नाही, हे तपासायला मला पुढचे आठ महिने लागले. ‘चालतात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण या मासिकाचा निम्म्याहून अधिक उपयोग वाचण्यात नसून, त्यात छापलेले प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने टाइप करून चालवण्यात आहे, आणि दर शनिवारी संध्याकाळी मी नेमाने तेच केले.

हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. ‘कम्प्यूट!’ हे मूळ मासिक १९७९ पासून ग्रीन्सबरो शहरातून निघत होते. ते शहर माझ्या घरापासून मोटारीने सव्वा तासावर आहे, हे मला अंकातला पत्ता वाचल्यावर कळले. जुलै १९८३ मध्ये याच मंडळींनी कमोडोरच्या व्हिक-२० आणि ६४ या दोनच यंत्रांसाठी ‘गॅझेट’ वेगळे काढले. १९८२ मध्ये ५९५ डॉलरांना बाजारात आलेला कमोडोर ६४ वर्षभरात २०० डॉलरांच्या आसपास उतरला होता, त्यामुळे संगणक घेतला पण त्याचे करायचे काय, असा प्रश्न पडलेली हजारो घरे तयार झाली होती, आणि त्या घरांसाठी हे मासिक होते. १९९० मध्ये त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि ते मूळ मासिकातला एक विभाग होऊन राहिले. माझ्याकडचे अंक १९८३ च्या अखेरीपासून १९८८ पर्यंतचे आहेत, अधेमधे खंड आहेत.

यंत्राबद्दल एकच सूचना करून पुढे जाते. जुन्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यातून पाच व्होल्टच्या जागी वयोमानाने जास्त व्होल्ट येऊ लागतात आणि आतल्या चिपा जळतात, असे जाणकार सांगतात, म्हणून मी नव्याने बनवलेला ठोकळा विकत घेतला आणि त्यानंतरच बटण दाबले. निळ्या पडद्यावर ‘३८,९११ बेसिक बाइट्स मोकळे’ ही ओळ उमटली (बेसिक ही या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) आणि काम सुरू झाले.

माझी संगणकाशी पहिली ओळख पुण्यात मामांच्या घरी झाली. मामेभावाकडे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ होता. पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्लेअरच्या परवान्याखाली आणलेले ते यंत्र. मुलांचे खेळून झाल्यावर आम्हां मुलींची पाळी येई, तोवर बहुधा जेवायची हाक येई. त्या तुटपुंज्या अनुभवातली एक गोष्ट मात्र मला या परीक्षणात फार उपयोगी पडली. स्पेक्ट्रमवर ‘पी’ची कळ दाबली की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटायचा, आणि ओळीत व्याकरणाची चूक असेल तर यंत्र ती ओळ आत घेतच नसे. चुकीच्या जागी लुकलुकणारे प्रश्नचिन्ह दाखवून अडून बसे. कमोडोर ६४ चा स्वभाव नेमका उलटा आहे. तुम्ही काहीही टाइप करा, तो मुकाट्याने ठेवून घेतो आणि ‘रन’ म्हटल्यावर दीडशेव्या ओळीवर हात वर करतो. ‘गॅझेट’ने चुका पकडणारी साधने एवढ्या मेहनतीने का घडवली, याचे उत्तर मला या स्वभावात सापडले. यंत्र जे काम करत नव्हते ते मासिकाने अंगावर घेतले होते.

छापलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा पाहिला की माणूस बिचकतो. पडदा साफ करणे, कर्सर खाली नेणे, रंग बदलणे या कळा कमोडोरच्या पडद्यावर विचित्र चित्रांच्या रूपात दिसतात आणि ती चित्रे छपाईत ओळखू येत नाहीत, म्हणून मासिकाने महिरपी कंसांत शब्दांनी लिहिण्याची रीत ठेवली. अधोरेखित अक्षर म्हणजे शिफ्टसह दाबायचे, वेगळ्या कंसातले अक्षर म्हणजे कमोडोरच्या खास कळीसह. ही रीत समजावणारे पान जवळजवळ प्रत्येक अंकात आहे आणि ते इतके स्वच्छ लिहिले आहे की दोन संध्याकाळींत हात बसतो.

आता ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’कडे येते. ऑक्टोबर १९८३ च्या अंकात चार्ल्स ब्रॅनन यांनी तो दिला. हा छोटासा प्रोग्रॅम आधी टाइप करून चालवायचा. तो कॅसेटसाठी राखून ठेवलेल्या मेमरीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतो. मग मुख्य प्रोग्रॅमची एकेक ओळ टाइप करून ‘रिटर्न’ दाबले की पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक संख्या उमटते. मासिकात त्या ओळीच्या शेवटी ‘रेम’ या शब्दापुढे तीच संख्या छापलेली असते. ती टाइप करायची नाही, फक्त ताडून पाहायची. दोन्ही जुळल्या तर पुढची ओळ. पहिल्या दिवशी हे मला जादूसारखे वाटले आणि सातव्या महिन्यात त्याची मर्यादा कळली. ती कशी कळली, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई चिंचवडहून आल्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, आणि स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. मी अंकात पाहून टाइप करते, मग पडद्याकडे पाहते, मग पुन्हा अंकात ओळ शोधते, हे दोन शनिवार पाहिल्यावर त्यांनी अंक स्वतःकडे ओढून घेतला आणि शुद्धलेखन घालावे तसे आकडे वाचायला सुरुवात केली. वेग दुप्पट झाला. ‘डेटा’च्या ओळींमध्ये नुसते आकडेच असतात, आणि त्या ते खणखणीत मराठीत सांगत होत्या. सगळ्या ओळींच्या संख्या कोपऱ्यात जुळल्या, मी ‘रन’ दिले आणि यंत्र गोठले.

चूक शोधायला मला दोन रात्री लागल्या. सासूबाईंनी ‘एकशे बासष्ट’ म्हटले होते आणि मी १२६ टाइप केले होते. मराठीत एकक आधी येतो. ‘बा’ ऐकला की बोट आधी दोनाच्या कळीकडे जाते आणि ‘सष्ट’ ऐकून मागून सहाकडे. प्रूफरीडर ओळीतल्या अक्षरांच्या मूल्यांची साधी बेरीज करतो, त्यामुळे आकड्यांची अदलाबदल त्याला दिसतच नाही: एक, सहा आणि दोन कोणत्याही क्रमाने आले तरी बेरीज तीच. यंत्राच्या भाषेत मात्र १६२ म्हणजे एक्स रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात, संख्या भरण्याची आज्ञा आणि १२६ म्हणजे मेमरीतले बिट फिरवण्याची. शिवाय पहिली आज्ञा दोन बाइटांची आणि दुसरी तीन बाइटांची, म्हणजे तिने पुढच्या आज्ञेतला एक बाइट गिळला आणि तिथून पुढे सगळी गाडी रुळावरून घसरली.

“अगं, बासष्ट म्हटलं मी, सव्वीस नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, बासष्टच ऐकलं मी. हाताने सव्वीस केलं,” एवढेच मला म्हणता आले.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि त्या गदारोळात सासूबाई हिरीरीने ‘एकवीस’च्या बाजूने होत्या. त्या रात्री त्यांनी मत बदलले नाही, पण पुढच्या शनिवारपासून ‘एक, सहा, दोन’ असे सुटे आकडे वाचू लागल्या. १९८६ मध्ये प्रूफरीडरची नवी आवृत्ती आली. ती बेरजेऐवजी दोन अक्षरांची खूण दाखवते आणि अदलाबदलही पकडते. ज्यांच्याकडे दोन्ही काळातले अंक आहेत त्यांना माझा सल्ला असा की सुरुवात १९८६ नंतरच्या अंकांपासून करावी.

बेसिकमधले प्रोग्रॅम टाइप करताना एक शिक्षण आपोआप होते, आणि हीच या मासिकाची माझ्या मते सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. कमोडोर ६४ च्या बेसिकमध्ये चित्रासाठी किंवा आवाजासाठी स्वतंत्र आज्ञाच नाहीत; मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवर ‘पोक’ने संख्या ठेवाव्या लागतात. ५३२८० वर संख्या ठेवली की पडद्याची कड रंगते, ५३२८१ वर ठेवली की आतला भाग, ५४२७२ पासून पुढे आवाजाच्या चिपेचा मुलूख. हे पत्ते मी कधी पाठ केले नाहीत. वीस-पंचवीस प्रोग्रॅम टाइप केल्यावर ते बोटांत आले, जसे जुने फोन नंबर असतात. स्प्राइट नावाचे हलते चित्र २४ बाय २१ ठिपक्यांचे म्हणजे ६३ बाइटांचे असते, हे एखाद्या पुस्तकात वाचून मी विसरून गेले असते. ६३ आकडे टाइप करून त्यातला एक चुकला आणि विमानाच्या पंखाला भोक पडले, की ते विसरायची सोय राहत नाही.

आता दुसरी बाजू. बेसिक हळू चालते, म्हणून मासिकाचे उत्तमोत्तम प्रोग्रॅम थेट यंत्राच्या भाषेत असत, आणि ते टाइप करण्यासाठी ‘एमएलएक्स’ नावाचे वेगळे साधन होते. जुन्या एमएलएक्समध्ये दर ओळीत सहा संख्या आणि सातवी तपासणीची; नंतरच्या आवृत्तीत हेक्साडेसिमलमधल्या, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, आठ आणि नववी तपासणीची. ओळ बरोबर असेल तर घंटी, चूक असेल तर घोगरा आवाज आणि तीच ओळ पुन्हा. आकडे झटपट टाइप व्हावेत म्हणून जुनी आवृत्ती कीबोर्डाच्या उजव्या भागातल्या अक्षरांनाच आकडे करून टाकत असे: यू-आय-ओ म्हणजे चार-पाच-सहा, जे-के-एल म्हणजे एक-दोन-तीन, एम म्हणजे शून्य. साधन म्हणून याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. इथे आडव्यातिडव्या वाचनाने, झोपेच्या भरात, मराठी-इंग्रजी मिसळून टाइप केले तरी चूक सहसा आत जात नाही.

पण या आकड्यांमधून शिकायला काहीच मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. जानेवारी १९८४ च्या अंकातला ‘स्पीडस्क्रिप्ट’ हा ब्रॅनन यांचाच शब्दसंस्कारक (वर्ड प्रोसेसर) घ्या. सुमारे पाच किलोबाइटचा प्रोग्रॅम, ओळीला सहा बाइट या हिशेबाने आठशेहून अधिक ओळी. मला अकरा संध्याकाळी लागल्या. हाती आले ते साधन आजही थक्क करते: मजकूर घालणे, खोडणे, परिच्छेद हलवणे, शोधणे, छापणे, सगळे काही, आणि तेही एका मासिकाच्या किमतीत. देवनागरीचे एकेक चिन्ह आज तीन बाइट घेते, त्यामुळे तुम्ही वाचत असलेला हा लेख त्या अख्ख्या प्रोग्रॅमच्या कितीतरी पट मोठा आहे. मात्र त्या अकरा संध्याकाळी मी नुसती टंकलेखनिक होते. कोणता आकडा कशासाठी, याचा पत्ता लागायला मार्ग नव्हता. पुढे १९८५ मध्ये प्रकाशकांनी ‘स्पीडस्क्रिप्ट’चा संपूर्ण मूळ कोड पुस्तकरूपाने दिला, हा त्यांचा मोठेपणा खरा, पण मासिकाच्या वाचकाला घंटी आणि घोगरा आवाज यांवरच समाधान मानावे लागले. डिसेंबर १९८७ च्या अंकातला ‘क्रॉसरोड्स’ हा खेळ याच जातीचा. पडदाभर निरनिराळे प्राणी एकमेकांशीही लढतात आणि आपल्याशीही, दोघांनी खेळायला बहार येते. माझी लेक, जिला बाकी सगळा खटाटोप वेडेपणा वाटतो, तीही तो खेळते. पण त्यातून शिकली काय, तर काहीच नाही, आणि मीही नाही.

सर्वांत जास्त वेळ मी अक्षरे बदलण्यात घालवला. यंत्रातली अक्षरे रॉममध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या मेमरीत असतात. ती रॅममध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या मेमरीत, उतरवून घेतली आणि ५३२७२ या पत्त्यावर नवी जागा सांगितली की हवी तशी बदलता येतात. उतरवून घेताना ५६३३४ वर संख्या बदलून इंटरप्ट, म्हणजे चालू कामात मध्येच येणारे व्यत्यय, थांबवावे लागतात, नाहीतर यंत्र कीबोर्डाकडे पाहायला जाते आणि नेमके त्या क्षणी त्याचे ठिकाण नाहीसे झालेले असल्याने कोलमडते. हे सगळे मासिकातल्या एका लेखात पायरीपायरीने दिले आहे. एक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे, म्हणजे आठ संख्या. मी वरच्या दोन ओळी वेलांटी-मात्रांसाठी मोकळ्या सोडल्या, तिसरी ओळ २५५ म्हणजे सलग शिरोरेषा, आणि उरलेल्या पाच ओळींत अक्षर. ‘म’साठी ०, ०, २५५, ३४, ३४, ६२, ९८, २ या संख्या दिल्यावर पडद्यावर खरोखर ‘म’ उमटला, आणि शेजारी दुसरा ‘म’ ठेवल्यावर दोघांच्या शिरोरेषा आपोआप जुळल्या. सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि काना थोडा अपुरा आहे, असा शेरा दिला. ‘क्ष’ला दोन घरे द्यावी लागली. ‘ळ’ पाच ओळींत बसवण्याचे माझे सगळे प्रयत्न फसले असून सध्या तो आठाच्या आकड्याची आडवी सावली दिसतो.

लेखांपैकी जिम बटरफील्ड यांचे लिखाण आजही पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. टोरोंटोचे हे गृहस्थ यंत्राच्या पोटातली गोष्ट सांगताना वाचकाला कधी कमी लेखत नाहीत, कधी फार चढवतही नाहीत, आणि उदाहरण इतके लहान देतात की ते दहा मिनिटांत टाइप होते. सॉफ्टवेअरची परीक्षणे आणि घरोघरी संगणक आल्यावर कुटुंब कसे बदलेल, या प्रकारचे लेख मात्र आता कालबाह्य झाले आहेत. ते मी भराभर उलटले. जाहिराती भरपूर आहेत, आणि घरखर्चाचा हिशेब ठेवण्यासाठी संगणक घ्या, ही आळवणी इतक्या वेळा येते की त्या काळी लोकांना संगणक घ्यायला दुसरे कारण सांगता येत नव्हते की काय, अशी शंका येते. सुरुवातीच्या अंकांत जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमची व्हिक-२० साठी वेगळी आवृत्ती आहे. २२ अक्षरांची ओळ आणि साडेतीन किलोबाइट मोकळी मेमरी, एवढ्या जागेत तोच खेळ कसा कोंबला, हे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणे हा एक वेगळाच छंद आहे.

वापराबाबत काही व्यावहारिक गोष्टी. मासिकाचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यामुळे कागदी प्रत मिळालीच पाहिजे असे नाही. मात्र स्कॅनमधला मजकूर उचलून थेट चिकटवण्याच्या फंदात पडू नये. आठ आणि ‘बी’, शून्य आणि ‘ओ’ यांची त्यात इतकी सरमिसळ होते की हाताने टाइप करणे लवकर होते. प्रोग्रॅम निवडल्यावर आधी पुढच्या दोन-तीन अंकांतले ‘बग-स्वॉटर’ हे सदर पाहावे, कारण आधीच्या अंकांतल्या दुरुस्त्या तिथे प्रामाणिकपणे छापलेल्या असतात. माझ्या संग्रहात खंड असल्याने हे सदर मी स्कॅनवरच पाहते. मासिकाच्या डिस्काही निघत आणि त्यांच्या प्रतिमा आज मिळतात. दोन महिने मी त्या वापरून पाहिल्या. प्रोग्रॅम चालले, मी दोन मिनिटे पाहिले, पुढचा लावला. त्या दोन महिन्यांतला एकही प्रोग्रॅम मला आज आठवत नाही.

कागदी प्रतीत जे आहे ते स्कॅनमध्ये नाही, याचे एकच उदाहरण देते. १९८५ च्या एका अंकात एका खेळाच्या ओळींपुढे पेन्सिलीने बारीक खुणा केलेल्या आहेत, प्रत्येक ओळ टाइप झाल्यावर एक. त्या ४१० क्रमांकाच्या ओळीपर्यंत जातात आणि थांबतात. मी आधीच्या सगळ्या ओळी टाइप करून ४२० पासून स्वतः पेन्सिल हाती घेतली आणि शेवटपर्यंत गेले. खेळ अगदीच बेताचा निघाला. आजोबांचे घर चार गल्ल्या सोडून आहे, म्हणून परवा डिस्क घेऊन निघालेही होते. मग दारातच लक्षात आले की ती चालवायला त्यांच्याकडे आता यंत्र नाही, ते माझ्याकडे आहे. शनिवारी त्यांनाच चहाला बोलावले आहे.